आडव्या फाट्यातलं पाणी

पोर्थवेलनच्या धक्क्याला जॅगोची बोट लागली की बाकीचं गाव मासळीच्या टोपल्यांकडे वळायचं आणि थर्झा नॅनकॅरो बादल्यांकडे. बादल्यांत माकुलं, म्हणजे स्क्विड, असायची. जिवंत असतील तरच तिच्या कामाची. मेलेली जॅगो गळाला आमिष म्हणून लावायचा.

"तीन आहेत, पोरी," जॅगोने बोटीवरूनच सांगितलं. थर्झा बावन्न वर्षांची होती, तिच्या नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावर बाई ऐंशीची झाली तरी बोटवाले तिला पोरीच म्हणत. "त्यातलं एक रुसलंय बघ. अगदी तुझ्या डॉक्टरासारखं तोंड करून बसलंय."

"डॉक्टर रुसले तर चहा देऊन जागेवर आणता येतं," थर्झा म्हणाली. "याला काय देऊ? बादली नीट धर. हिंदकळवलीस तर तुलाच टाकीत सोडीन."

धक्क्यापासून शंभर पावलांवर समुद्रकेंद्राची दगडी इमारत होती. गावात तिला नुसतं 'लॅब' म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी थर्झा तिथे फरशी पुसायला लागली. त्याआधी ती तारल्यांच्या खारवणीत मासे साफ करायची, आणि त्या कामाने तिच्या बोटांना जणू डोळे फुटले होते. एक दिवस फरशी पुसता पुसता तिने पाहिलं, केंब्रिजहून आलेले एक बडे साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माकुलाचा मज्जातंतू सोडवायला बसले होते आणि तीन माकुलं त्यांनी फुकट घालवली होती. साहेब चौथ्याला हात घालणार तेवढ्यात ती एप्रनला हात पुसत पुढे झाली. "साहेब, मी बघू का जरा?" त्या दिवशी तिच्या हातातलं फडकं सुटलं आणि कात्री आली.

माकुलाच्या अंगात एक तंतू असतो, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. आपल्या अंगातले तंतू इतके बारीक, की त्यांच्या आत शिरून काही बघायची तेव्हा सोयच नव्हती. म्हणून देशोदेशीचे शास्त्रज्ञ दर शरदात पोर्थवेलनला येऊन तळ ठोकत. थर्झा तो तंतू भोवतालच्या जाळ्यातून सोडवायची आणि दोन्ही टोकांना रेशमाचा धागा बांधायची. कात्रीचं टोक कुठे चुकून लागलं तर तंतू तासाभरात मरतो. थर्झाचे तंतू पाच-पाच, सहा-सहा तास जगायचे. पाहुणे परत जाऊन शोधनिबंध लिहीत, आणि शेवटी बारीक अक्षरांत 'केंद्रातील कर्मचाऱ्यांचे आभार' असं छापून येई. त्या कर्मचाऱ्यांत थर्झा आली, भट्टी पेटवणारा आला, आणि तुमच्या लॅबचं मांजरही त्यातच धरतात का गं, असं तिची धाकटी बहीण केझाया विचारायची.

डॉक्टर लायोनेल ॲस्कविथ त्या सगळ्या पाहुण्यांत निराळे. लांबुडके, जरा पोक काढून चालणारे. त्या एवढ्या वर्षांत, तू जो दोरा काढतेस तो करतो काय, हे तिला समजावून सांगणारा हा पहिला माणूस.

"तंतू ओरडतो कसा ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, मिसेस नॅनकॅरो," चहाच्या मगाभोवती हात शेकत ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "बाहेरचं सोडियम दारं उघडून आत घुसतं आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ उसळी मारते. झाला निरोप. मला त्या ओरडण्याशी कर्तव्य नाही. मला त्याचं गप्प होणं बघायचंय."

"गप्प होण्यात काय बघायचं?"

"सगळं तिथेच तर आहे. क्षणाच्या हजाराव्या हिश्श्यात दुसरी दारं उघडतात, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, रेघ खाली येते. तंतू पुन्हा शांत, पुन्हा तयार. ही पोटॅशियमची दारं अडली तर एकदा मारलेली हाक संपतच नाही. आणि प्रमाणाबाहेर उघडी राहिली तर तंतू इतका थंड पडतो की हाक मारायचं विसरून जातो. किती बोलायचं, कुठे थांबायचं, ते पोटॅशियमच्या हातात."

थर्झाने थोडा विचार केला. "आमच्या चॅपलात मिस्टर प्रॉसर आहेत," ती म्हणाली. "मूळचे वेल्सचे. प्रवचन सांगता सांगता ते गायला लागतात. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं ते कळत नाही. पण वर काय, कोणीही चढेल, डॉक्टर. सूर न फाटता खाली उतरून पुन्हा साध्या बोलण्यावर यायचं, तिथे खरा दम लागतो."

डॉक्टर हसले नाहीत. "तेच," ते म्हणाले. "अगदी तेच."

एवढ्या दोन शब्दांवर थर्झा पुढे तीन शरद राबली.

तिसऱ्या शरदात डॉक्टरांनी समुद्रफुलांचा अर्क आणला. खडकांना चिकटून राहणाऱ्या त्या प्राण्यांचं विष पोटॅशियमची दारं अडवत असणार, असा त्यांचा कयास होता. काम असं चालायचं: थर्झाने काढलेला तंतू रबरी पट्टीवर ठेवायचा, त्यावरून बोटभर लाटणं फिरवून आतला गर पिळून काढायचा, आणि पोकळ झालेल्या त्या नळीतून पोटॅशियमचं पाणी वाहतं ठेवायचं. पाणी आणणाऱ्या मुख्य नळीला एक आडवा फाटा होता, काचेचा, करंगळीएवढा. जे काही नवीन आत सोडायचं ते त्या फाट्यातून.

आणि डॉक्टर काटेकोर. अर्क देण्याआधी रोज ते त्याच फाट्यातून टी.ई.ए. नावाचं रसायन सोडायचे. ते पोटॅशियमची दारं आतल्या बाजूने हमखास अडवतं, यात कोणाला शंका नव्हती. ते गेलं की पडद्यावर रेघ चढायची ती उतरायचीच नाही, डोंगराच्या जागी पठार दिसायचं. मग मुख्य नळीतून स्वच्छ पाणी, रेघ पुन्हा मूळपदावर, आणि त्यानंतर अर्क. आधी ओळखीचं, मग अनोळखी. तंतू धडधाकट आहे याची रोज खात्री करून घ्यायची, ही त्या लोकांची सचोटीची रीत.

मधल्या वेळात फाटा धुवावा लागे. थेंब थेंब, सावकाश. थर्झाचा नेम तीस थेंबांचा.

"तीस थेंब गळेपर्यंत माझा तंतू म्हातारा होतो," डॉक्टर म्हणाले. "दहा करा."

"दहात फाटा निर्मळ होत नाही, डॉक्टर."

"दहा, मिसेस नॅनकॅरो."

तिने दहा केले.

अर्क सोडला आणि रेघ चढून पठारावर जाऊन बसली. चार मिनिटं तशीच. मग, अर्क वाहतच होता तरी, ती हळूहळू ओसरली आणि मूळपदावर आली. दुसऱ्या दिवशी तेच. पाच दिवस, पाच तंतू, पाचही वेळा तेच.

डॉक्टर खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "विष आहेच," ते म्हणाले. "पण तंतू ते पचवतोय. दारं अडतात आणि तंतू स्वतःच ती मोकळी करतो. उतारा तंतूच्या अंगातच आहे. ज्यांना फेफरं येतं, ज्यांचे तंतू एकदा पेटले की शांतच होत नाहीत, त्यांच्यासाठी याचा अर्थ काय होईल, कल्पना करा." मग जरा घोटाळून ते म्हणाले, "या निबंधावर तुमचं नाव असणार आहे. आभारात नव्हे. वर, माझ्या शेजारी. मी संचालकांशी भांडलोय त्यासाठी."

पातळ कागदावर टंकलेलं पहिलं पान त्यांनी तिला दिलं. एल. ॲस्कविथ आणि टी. नॅनकॅरो. थर्झाने ते घरी नेऊन केझायाला दाखवलं, ही तिची चूक. केझाया टपाल कचेरीत चिठ्ठ्या वेगळ्या करायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या पोर्थवेलनला कळलं की नॅनकॅरोंची थर्झा आता छापून येणार.

थर्झा वरवर रागावली. आतून तिला इतकं बरं वाटत होतं की त्याचीच लाज वाटली. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी डोळ्यांपुढे ते पान यायचं. एकोणीस वर्षांत तिने हजारो तंतू काढले होते, आणि त्यातला एकही तिच्या नावाचा नव्हता. आता एक होणार होता. यापलीकडे तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं.

रविवारी सुगीची उपासना झाली. मिस्टर प्रॉसर त्या दिवशी असे काही चढले की मागच्या बाकांवरचे कोळी कधी डोलायला लागले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. बायबलमधल्या गव्हाच्या दाण्याची गोष्ट सांगता सांगता त्यांचा आवाज सुटला, छपराला लागला, आणि पिसासारखा हलके हलके खाली आला. मग नेहमीप्रमाणे चहा आणि केशराचे बन. चहाचा तांब्याचा बंब एरवी थर्झाकडे असायचा, पण ती पान दाखवत बायकांच्या घोळक्यात अडकली होती, म्हणून केझायाने तो लावला. पहिला कप मिस्टर प्रॉसरांना.

त्यांनी घोट घेतला आणि घोटातच थांबले.

"केझाया," ते सावकाश म्हणाले, "आजचा चहा मनावर घेऊन केलेला दिसतोय."

थर्झाने त्यांच्या हातातला कप घेऊन चाखला. बंब घासायचा धुण्याचा सोडा. कडू जहर. तिने दुसरा कप काढला: थोडा कडू. तिसरा: जवळजवळ नाहीच. चौथा चांगला चहा.

"मी तीनदा विसळलाय बंब," केझाया म्हणाली. "तीनदा. आता माझ्याकडे असं बघू नकोस."

"बंब विसळलास गं. तोटीच्या वळणात राहिलेलं कोण काढणार? म्हणून मी पहिले तीन कप ओतून देते." हातातला कप तिने खाली ठेवला. तिसऱ्या कपापर्यंत ओसरणारा कडूपणा, आणि बंब तर अजून भरलेला.

त्या रात्री तिला झोप लागली, पण सकाळी उठल्याबरोबर ते तसंच समोर उभं होतं.

"डॉक्टर," सोमवारी तिने अंगावरचा कोटही न काढता सांगितलं, "विष अर्कात असतं तर अर्क वाहतोय तोवर टिकलं असतं. चार मिनिटांत ओसरतं ते फाट्यात राहिलेलं टी.ई.ए. आहे. तेवढं संपलं की संपलं. तंतू काही पचवत नाही."

डॉक्टर निबंधाच्या आकृत्यांना शाई लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "हे कुठून काढलंत?"

तिने बंबाचं सांगितलं.

"तुम्ही माझ्या प्रयोगाला चॅपलच्या चहाशेजारी बसवताय."

"चहाने मिस्टर प्रॉसरांचं तोंड वाकडं झालं आणि चौथ्या कपाला चहा चांगला निघाला. तुमच्या रेघेचंही तसंच होतंय. एक दिवस आधी टी.ई.ए. न देता नुसता अर्क देऊन बघू. एकच दिवस."

"आणि रेघ हलली नाही, तर तंतूच वाईट होता की अर्क, हे कसं ठरवायचं? ती खात्री करण्यासाठीच तर आपण आधी टी.ई.ए. देतो." त्यांचं बोलणं बरोबर होतं, म्हणून तर ते इतकं अवघड होतं. "मिसेस नॅनकॅरो, शुक्रवारी निबंध टपालात पडला पाहिजे. पुढच्या महिन्यात उत्तरेकडे माझ्या प्राध्यापकपदाचा विचार व्हायचाय. हंगाम संपलाय. जॅगो म्हणतो माकूल आता नाताळनंतर."

पण मंगळवारी जॅगोला एक सापडलं. थर्झाने तंतू काढला, तो नेहमीसारखाच स्वच्छ निघाला. टी.ई.ए. दिलं, पठार आलं. मुख्य नळीतून पाणी सोडलं, रेघ उतरली. तेवढ्यात संचालकांच्या खोलीत डॉक्टरांसाठी फोन आला. "फाटा धुऊन अर्क सुरू करा, मी आलोच," म्हणून ते गेले.

थर्झाने चाळीस थेंब गाळले. मग अर्क सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

रेघ उसळली, उतरली. उसळली, उतरली. पठार नाही, काही नाही. तंतू आपला बोलत होता आणि वेळेवर गप्प होत होता, जणू त्याला कोणी काही दिलंच नव्हतं. तिच्या आयुष्यातला सगळ्यात निरोगी तंतू.

डॉक्टर परत आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"अर्क शिळा झाला," ते म्हणाले.

"मी चाळीस थेंब केले."

"काय केलंत?"

"फाटा धुतला, डॉक्टर. नीट."

"प्रयोगाच्या मध्येच पद्धत बदलायला तुम्हाला कोणी सांगितलं?" आवाज चढला नव्हता, तो कधीच चढत नसे. त्यांनी वहीत लिहिलं: अर्क जुना, आजची नोंद धरू नये. ती वाचत होती हे त्यांना माहीत होतं.

"मग माझं नाव काढा," थर्झा म्हणाली.

आता त्यांनी तिच्याकडे बघितलं. "जरा विचार करा. या इमारतीतून गेलेल्या एकाही निबंधावर आजवर तंतू काढणाऱ्याचं नाव लागलेलं नाही. पुन्हा लागेल असंही नाही. गावात तुम्ही सांगितलंय, मला कळलंय."

"सांगितलंय."

"मग?"

"मग गावाला मी तोंड देईन. ज्या कागदावर माझं नाव आहे तो खोटा आहे हे मला माहीत असताना मी प्रार्थनेला बसू कशी? तुम्ही अजून एकदा करून बघा. खरं निघालं तर नाव ठेवा. मी पाया पडून मागते."

डॉक्टरांनी टंकलेलं पान ओढलं, लेखणी उचलली, आणि 'आणि टी. नॅनकॅरो' यावरून एक सरळ रेघ मारली. ओरखडा न उठवता, सफाईने. आणि थर्झाला दिसलं की रेघ मारल्यावर त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनाही ते नाव जड होत होतं.

निबंध वसंतात छापून आला. डॉक्टर प्राध्यापक झाले आणि सगळ्या नोंदवह्या घेऊन उत्तरेला गेले. केझायाने टपाल कचेरीत काही दिवस सांगितलं की छापणाऱ्यांकडून नाव गाळलं गेलं. मग सांगायचं सोडलं. चॅपलातल्या बायका थर्झाशी एकदम गोड वागायला लागल्या, आणि ते टोमण्यांपेक्षा वाईट होतं. "नसतं एकेकाच्या नशिबात, थर्झे," वृद्ध मिसेस ट्रेमबाथ तिचा दंड थोपटून म्हणाल्या. "तू बन घे."

थर्झाने बन घेतला. तिच्याजवळ खरं होतं, एवढ्यावर तिने दोन वर्षं काढली, आणि खरं सांगायचं तर ती बरी गेली.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात घरी पाकीट आलं. पाकिटं फोडण्याचा मान केझायाचा. थर्झा लॅबमधून परतली तेव्हा ती दारातच कागद घेऊन उभी होती, डोळ्यांत पाणी.

"छापलं बघ. अखेर छापलं. हे बघ: मिसेस टी. नॅनकॅरो. पूर्ण. नुसतं टी. नाही, मिसेससकट."

कोणाचाही उल्लेख छापून आला की त्याला एक प्रत पाठवायची, हा शास्त्रज्ञांचा जुना शिष्टाचार. कोपऱ्यात डॉक्टरांच्या नीटस अक्षरात 'सस्नेह, एल. ए.' होतं. थर्झाने कोट काढला, चष्मा लावला आणि वाचलं. अर्धं पानही नव्हतं. समुद्रफुलांच्या अर्काबद्दल पूर्वी कळवलेला परिणाम इतर प्रयोगशाळांत आढळून आलेला नाही. दोन द्रावणांच्या मध्ये आडवा फाटा पुरेसा धुतला गेला नव्हता असे आता दिसते. हे धुण्याचे काम मिसेस टी. नॅनकॅरो यांच्याकडे होते. त्यांनी काढून दिलेल्या तंतूंबद्दल मात्र लेखक त्यांचा ऋणी आहे.

"काय म्हणतात?" केझायाने विचारलं. "मला तो फाटा-बिटा कळला नाही. पण ऋणी आहे म्हणालेत ना?"

"हो," थर्झा म्हणाली. "ऋणी आहे म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. संचालक सज्जन होते. तिला खुर्ची दिली, खिडकी लावून घेतली. दहा थेंब डॉक्टरांनी सांगितले होते, हे तिने सांगितलं. तिने सांगितल्यावर त्यांनी वहीत काय लिहिलं, तेही.

"ती वही इथे नाही, मिसेस नॅनकॅरो."

"मी इथे आहे."

"अर्थात. तुमच्या नोकरीला काही धक्का नाही, हे मी लिहून देतो. पण दुरुस्तीची दुरुस्ती कोणी छापत नाही हो. आणि प्राध्यापक ॲस्कविथांनी चूक कबूल केलीय, हे आमच्या क्षेत्रात फार मोठं मानतात. लोक त्यांचं कौतुक करताहेत."

रविवारपर्यंत केझायाने कागद सगळ्यांना दाखवला होता. मिस्टर प्रॉसरांनी त्यावरच प्रवचन बांधलं. ज्यांचे हात दिसत नाहीत त्यांच्यावर. दगड घडवणारे, जाळी विणणारे, आणि आपल्यातली एक बहीण, जी भिंगाखाली देवाने विणलेला धागा सोडवते. त्यांचा आवाज चढायला लागला. नाव लिहिलं जातं, नाव लिहिलं जातं, या तीन शब्दांना त्यांनी असा सूर लावला की मिसेस ट्रेमबाथ रडायला लागल्या. त्या सुराने थर्झाला आजवर कितीदा उचलून धरलं होतं. आज तो तिच्यावरून गेला. ती बाकावर ताठ बसून राहिली, आणि शेजारी केझाया तिचा हात दाबत होती.

लोक पांगल्यावर ती मिस्टर प्रॉसरांना म्हणाली, "तुम्ही वाचलंत का ते?"

"केझायाने दाखवलं. इंग्रजी असून माझ्या डोक्यावरून गेलं."

तिने सांगितलं. आधी चहापासून, मग सगळं. मिस्टर प्रॉसर प्रार्थनेच्या पुस्तकावरून अंगठा फिरवत ऐकत होते.

"इथे कोणाला त्यातलं अक्षर कळणार नाही," ते शेवटी म्हणाले. "इथे सगळे तुम्हाला ओळखतात."

"ज्यांना कळणार त्यांच्यात मी रोज बसते."

"पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरून सांगतो. माझी चूक मी भरून काढतो."

"नको. केझीला कळलं तर ती त्या टपाल कचेरीत पुन्हा तोंड दाखवणार नाही. राहू दे तिला खूश."

"मिसेस नॅनकॅरो, वर जो लिहितो तो चुकत नाही."

"वरचं मला ठाऊक आहे, मिस्टर प्रॉसर. त्याची मला काळजी नाही. मी खालचं विचारतेय."

त्यांनी तिची छत्री उचलून तिच्या हातात दिली.

नोव्हेंबरात स्वीडनहून डॉक्टर लुंडेल आले. तरुण, पिंगट दाढी, फार नम्र. जॅगोने दोन माकुलं दिली होती. थर्झाने पहिला तंतू काढून बशीत ठेवला, आणि मधल्या वेळात नळ्या धुऊन जोडून ठेवल्या. लुंडेल सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले.

"इतका स्वच्छ तंतू मी पाहिलेला नाही," ते म्हणाले. "मी तीन देशांत पाहिलेत. तुमचं नाव काय?"

"थर्झा नॅनकॅरो."

"अच्छा," लुंडेल म्हणाले. "मिसेस नॅनकॅरो." हसू तसंच राहिलं, फक्त डोळे क्षणभर टेबलाकडे गेले. त्यांनी आपली पेटी उघडली. आत कापसात गुंडाळलेल्या काचनळ्या होत्या. तिने लावलेला फाटा त्यांनी हलक्या हाताने काढला, बाजूला ठेवला आणि आपला बसवला. "ही माझी नुसती सवय आहे. मनावर घेऊ नका."

"तो धुतलेला आहे, डॉक्टर."

"हो, हो. नक्कीच असणार." ते आपल्या नळीतून थेंब सोडायला लागले. "दुसऱ्या माकुलाचा तंतू काढून द्याल? तंतूच्या बाबतीत तुमचा हात धरणारा कोणी नाही असं मी वाचलंय."

थर्झाने टाकीवरची जाळी बाजूला केली. दुसरा तंतू सोडवायला तिला वीस मिनिटं लागली. त्यावर एकही ओरखडा नव्हता.